जपानी भजन

वहिनी, गुरुवारी सकाळी उल्हासनगरच्या रुग्णालयात तुमचं निधन झालं. दादा औषधं आणायला खाली गेला होता. आई अंबरनाथला घरी होती. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि मला डोळा लागला होता. नर्सने खांद्याला हात लावून उठवलं. मला आत जाता यावं म्हणून ती नुसती बाजूला झाली.

इतरांच्या घरच्या अशा बातम्या मी पेपरात रोज लिहितो. पश्चात कोण, अंत्यसंस्कार कुठे, शोकसभा कधी. तुमची लिहिली नाही. ज्यांना कळायला हवं होतं ते सगळे स्मशानात आले होते, आणि बाकीच्यांना तुमचं वय आणि आमचा पत्ता कळून काही उपयोग नव्हता.

हे लिहितो आहे ते एका वाक्यासाठी. तुम्ही गेल्यावर चार-पाच दिवसांनी मावशी आईला भेटायला आली. चहा घेतला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "नाचून गेली गं पोर. त्या जपानी नाचाने हृदय खाल्लं तिचं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते वाक्य अंबरनाथ पूर्वेच्या भाजीबाजारात पोचलं होतं. वरच्या मजल्यावरची मंदा आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "सासूबाई म्हणतात, आता पुरे तो नाचाचा वर्ग. एक बाई गेली तेवढी बास." वर्ग भरायचा त्या सोसायटीच्या हॉलला कुलूप लागलं. चेअरमनांनी आधी कारण दुखवट्याचं सांगितलं. मग त्यांच्या पत्नीने मंदाला सांगितलं की दुखवटा संपला तरी ते उघडायचं नाही.

वाक्य छोटं होतं. त्यात कोण, काय आणि का, तिन्ही होतं. अशी वाक्यं लवकर पोचतात. ते खरं आहे की नाही, एवढंच मला तपासायचं होतं. दुसरं काही करण्याचं त्राण घरात कुणाच्याच अंगात नव्हतं. रुग्णालयातल्या जागरणांनी आम्ही सगळे इतके दमलो होतो की रडायचंही पुढे ढकललं जात होतं.

आता सुरुवातीपासून सांगतो. तुम्हाला ठाऊक आहे त्यातलं बरंच, पण माझी पद्धत तीच आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दादाच्या कारखान्याने जपानी मशीन घेतलं आणि ते चालवायला शिकण्यासाठी दादाला तिकडे पाठवलं. तो परत आला तेव्हा आमच्या घरच्या हॉलमध्ये अर्धी सोसायटी बसली होती. बॅगेतून रेडिओ-कॅसेटचा एक टू-इन-वन निघाला, आईसाठी घडीचा पंखा निघाला आणि तुमच्यासाठी एक कॅसेट. वेष्टनावर आखूड केसांची एक मुलगी, अंगात बिनबाह्यांचा चंदेरी झगा, एक हात वर. नाव जपानीत. दादा म्हणाला, "दुकानातल्या मुलीला विचारलं, बायकोसाठी काय नेऊ? तिला इंग्रजी येईना. मग तिने असं केलं." आणि दादाने एक बोट वर करून दाखवलं, म्हणजे पहिला अल्बम, आणि मग दोन्ही खांदे हलवले, म्हणजे नाचाचा. दादाचे खांदे हलताना आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच पाहिले. तुम्ही पदर तोंडात धरून हसलात.

मग वेष्टन हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "पहिलाच? मग घाबरली असेल बिचारी."

त्या घरात त्या मुलीबद्दल कुणी काही विचार केला असेल तर तो हाच. बाकी सगळ्यांनी झग्याबद्दल बोलून घेतलं.

टेप लावली. आधी मशीनच्या ढोलाचा ठेका, एकसारखा, कारखान्यातल्यासारखा. मग वर कुठलं तरी चकचकीत वाजणारं वाद्य. मग गाणं. तुम्ही टेप मागे घेतली. पुन्हा ठेका, पुन्हा वाद्य, आणि गाणं सुरू व्हायच्या जरा आधी तुम्ही बोट वर केलंत. "ऐका भाऊजी. दम घेते." मी ऐकलं. खरंच, पहिल्या शब्दाआधी एक छोटा श्वास होता. "पहिल्याच गाण्याला दम घेतेय पोरगी," तुम्ही म्हणालात. मला वाटलं तुम्ही तिला नावं ठेवताय. मी हसलो. तुम्ही टेप पुन्हा मागे घेतलीत.

आपलं भांडण त्याच आठवड्यात सुरू झालं आणि ते मिटलं नाही. मी म्हणालो, नाचाच्या गाण्यांना शब्द नावापुरते असतात. रात्र, प्रेम, नाच, एवढंच असणार.

"तुम्हाला जपानी येतं?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं?"

"अंदाज आहे."

"तुमच्या ऑफिसात अंदाज छापतात वाटतं!"

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संथ होतं. माझं म्हणणं, ते दुःखाचं. तुमचं म्हणणं, छे, दुःख नाही, ती नुसती दमली आहे. "सगळा अल्बम नाचलीय ती. आता भिंतीला टेकून बसलीय आणि गुणगुणतेय. दुःखात माणूस एवढं सुरात गात नाही." पुढे एक जपानी इंजिनिअर मशीन बसवायला आला, आपल्याकडे जेवायला आला, तेव्हा तुम्ही दादाच्या मागे लागून त्याला हे गाणं ऐकवलंत. त्याने पुरी हातात धरून, मान वाकवून, संपूर्ण ऐकलं. मग सांगितलं की त्याला जुनी गाणी आवडतात, हे त्याच्या मुलीच्या वयाच्यांचं आहे. तुम्ही माझ्याकडे पाहून हात झटकलात. साक्षीदार फुटला होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही तिळगूळ वाटून झाल्यावर ती टेप लावलीत. बायकांना त्यावर काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्या पायांना जे येत होतं ते पायांनी केलं. आधी टाळ्या, मग झिम्मा, मग फुगड्या. मंदा नुकतीच लग्न होऊन आली होती. ती धापा टाकत ओरडली, "वहिनी, हे आपल्या झिम्म्यातच बसतंय की!" बसत होतं. मी दाराबाहेर वर्तमानपत्र वाचत होतो आणि मलाही ते कळलं. त्या मुलीने कुठल्या शहरात बसून काय डोक्यात धरून गायलं असेल ते असो, आमच्या हॉलमध्ये त्याची मंगळागौर झाली होती.

तिथून वर्ग सुरू झाला. मंगळवार आणि शुक्रवार, डबे गेल्यावर, नळ येऊन गेल्यावर. जागा सोसायटीचा हॉल. अट चेअरमनांची: हॉल फक्त धार्मिक कार्याला.

ही अट कशी पाळली गेली, त्याचं श्रेय परसूभाईंना आहे. मूळ टेप झिजू नये म्हणून तुम्ही आणि मी ती घेऊन उल्हासनगरला गेलो होतो. कॅम्पातलं ते दुकान तुम्हाला आठवत असेल. छतापर्यंत कॅसेटी, समोर दोन डेक, आणि मध्ये परसूभाई, एका कानाला हेडफोन लावलेले. त्यांनी आख्खा अल्बम पायाने ठेका धरत ऐकला आणि निकाल दिला.

"भाभी, लडकी नई है. गला अभी खुला नहीं. पर बीट में जान है."

"वोही तो," तुम्ही म्हणालात. "पैला टेप है उसका."

"तभी. लेकिन साईं, एक बात. ये पूरा नहीं भरता. पीछे टेप खाली रहेगा. खाली टेप मैं देता नहीं, ग्राहक बोलता है परसू ने ठग लिया. मराठी भजन डाल दूँ? विठ्ठल का है, एकदम साफ रेकॉर्डिंग."

तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "डालो ना. देव का नाम रहेगा तो टेप भी टिकेगा."

मी म्हणालो, वहिनी, नाचाच्या टेपवर भजन? तुम्ही म्हणालात, "भाऊजी, परसूभाईंनी स्वतःहून दिलंय. देवाने दिलेल्याला नाही म्हणू नये." परसूभाई हसले आणि अर्ध्या तासाने बोलावलं.

म्हणून वर्ग असा चालायचा: सगळी नाचाची गाणी, मग ते संथ गाणं, ज्यावर बायका भिंतीला टेकून बसायच्या, आणि ते संपलं की एकदम टाळ-मृदंग. पहिल्या दिवशी सगळ्या दचकल्या आणि मग हसून लोळल्या. दुसऱ्या वेळी कुणीतरी हात जोडले. महिन्याभरात सवय झाली. भजन संपल्याशिवाय कुणी उठत नसे, आणि घरोघरच्या सासूबाई सुनांना न्यायला किंवा नुसत्या डोकवायला यायच्या त्या शेवटाला, भजन चालू असताना. हॉलच्या फळ्यावर खडूने लिहिलं गेलं: महिला भजन, मंगळवार, शुक्रवार. ते अक्षर तुमचं नव्हतं. चेअरमनांचं होतं.

एका शुक्रवारी वीज गेली. टेप मधेच बंद पडली. बायका थांबल्या नाहीत. त्यांना एव्हाना सगळं पाठ झालं होतं, एकही शब्द न कळता. त्या स्वतःच गाऊ लागल्या, टाळ्यांवर, तोंडाने ते ढोलही वाजवत. गाण्यात मधे ती मुलगी आकडे म्हणायची, ते दादाने तुम्हाला शिकवले होते आणि तुम्ही बायकांना. इची, नी, सान, शी. चौथ्या आकड्याला दर वेळी कुणीतरी नाक मुरडायचंच. नेमके त्या वेळी चेअरमन मीटर बघायला खाली आले. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो आणि तुमचा विसरलेला पाण्याचा तांब्या घेऊन आलो होतो, म्हणून मी हे स्वतः पाहिलं.

"हे कुठलं भजन?" चेअरमन म्हणाले.

तुम्हाला बोलता येत नव्हतं. तुम्ही खांबाला धरून उभ्या होतात. मंदा म्हणाली, "जपानी."

"जपानात भजन असतं?"

"देव काय फक्त अंबरनाथला असतो का, काका?"

"अर्थ काय त्याचा?"

आता तुमचा श्वास जागेवर आला होता. तुम्ही म्हणालात, "अर्थ कळेपर्यंत थांबलं तर भजन कधी व्हायचं, साहेब?"

चेअरमन विचारात पडले. मग "चालू द्या" म्हणून मीटरकडे गेले. तेव्हापासून सगळी सोसायटी त्याला जपानी भजन म्हणू लागली. कुणी चेष्टेने, कुणी खरंच.

मी मात्र त्या दिवशी खांबाला धरलेला तुमचा हात पाहिला होता. पुढच्या आठवड्यात दादा पाळीवर असताना मी तुम्हाला उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?"

"हो. माहेरी, चामटोलीला. फ्रॉक घालत होते मी."

"धावायला, खेळायला मनाई केली होती कुणी?"

"शाळेच्या गॅदरिंगमधून काढलं होतं. दम लागायचा म्हणून."

डॉक्टरांनी सांगितलं, त्या तापाने हृदयाची एक झडप आखडली आहे. मूल होऊ दिलं नाहीत ते ठीक केलंत. कामं बेताने करा. दम लागला की थांबा. तुम्ही विचारलंत, "नाच?" ते म्हणाले, "दम लागेपर्यंत नाही." तुम्ही मान हलवलीत, जणू मापाने दूध घेत होतात.

परतीच्या रिक्षात तुम्ही म्हणालात, "भाऊजी, ही बातमी छापायची नाही. दादांना दम वाढल्याचं कळायला नको. आणि आईंना तर मुळीच नाही. चामटोलीच्या लोकांवर येईल, आजारी पोर गळ्यात मारली म्हणून."

मी विचारायला हवं होतं की दादाला त्या तापाबद्दल ठाऊक आहे का. विचारलं नाही. रिक्षा वालधुनी नदीच्या पुलावर आली होती, वास येत होता, तुम्ही नाकाला पदर लावला होता. त्यानंतर तो विषय तुम्ही निघू दिला नाहीत.

त्या वर्षीच्या दिवाळीपासून तुम्ही नाचला नाहीत. ही गोष्ट मला नीट नोंदवायची आहे. अनेक वर्षं वर्गात पुढे मंदा उभी राहायची आणि तुम्ही टू-इन-वनशेजारी बसून मांडीवर ठेका धरायचात. बायका म्हणायच्या वहिनींचे गुडघे गेले. तुम्ही ते तसंच राहू दिलंत. बसून तुम्ही पावलं शिकवत नव्हतात. श्वास शिकवत होतात. "आता घ्या. तिच्याबरोबर. ती कुठे घेते ते ऐका, तिथेच घ्या." त्या मुलीने पहिल्या अल्बमात कुठे कुठे श्वास घेतला होता ते तुम्हाला ठाऊक होतं. परसूभाईंच्या प्रतींवर प्रती निघत गेल्या, आवाज अंधुक होत गेला, बायकांना शेवटी श्वास ऐकू येईनासे झाले. तेव्हा तुम्ही हात वर करायचात आणि सगळा वर्ग छाती भरून घ्यायचा.

तुम्हाला तिच्या दुसऱ्या अल्बमची फार उत्सुकता होती. "तुमच्या पेपरात विचारा ना, पुढे काय झालं तिचं?" मी सिनेमाचं पान बघणाऱ्याला विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. जपानहून आमच्याकडे येणाऱ्या बातम्या भूकंपाच्या आणि मोटारींच्या असत. अगदी शेवटी रुग्णालयातही तुम्ही विचारलंत. ऑक्सिजनची नळी बाजूला करून. मी म्हणालो, अजून खात्री नाही. तुम्ही म्हणालात, "एवढी वर्षं? कसले हो पत्रकार तुम्ही!" खात्री अजून नाही. तिने पुढे गायलं की नाही, मला माहीत नाही.

तर, मावशीच्या वाक्याविरुद्ध माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. तुम्ही कित्येक वर्षं नाचला नव्हतात. आणि आजार चामटोलीचा होता, अंबरनाथचा नव्हता. पहिली एकटी पुरणारी नव्हती. लोक म्हणाले असते, आधी नाचली त्याचंच झालं. दुसरी सांगायची तर तुमच्या माहेरावर ठपका येत होता. तुम्ही रिक्षात मला ज्यापासून अडवलं होतं तेच करावं लागत होतं.

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्पष्ट सांगितलं, नाचाचा संबंध नाही. झडप लहानपणीच गेली होती, शेवटी मुंबईला ठरलेल्या ऑपरेशनची तारीख पुन्हा ताप आल्याने पुढे गेली नसती तर कदाचित वेगळं झालं असतं. कदाचित हा शब्द त्यांचा आहे.

दहाव्याला तुमचे भाऊ रामदास चामटोलीहून आले होते. सगळे विधी होईपर्यंत ते एका कडेला उभे राहिले. मावशी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती त्यांनी ओळखली असावी. मला नळापाशी गाठून म्हणाले, "भाऊ, आमी काय लपवलं नाय. बा सोता बोलनार व्हता. तीच म्हनली, मी सांगते, माझं मी सांगते. आता तिनं सांगितलं का नाय, आमाला कसं ठावं?"

मलाही ठावं नव्हतं. एकाच माणसाला ठाऊक असू शकत होतं, आणि तो तुम्ही गेल्यापासून चार वाक्यं बोलला नव्हता.

दादा गॅलरीत बादली भरत होता. मी विचारलं, "वहिनींना लहानपणी ताप आला होता. तुला माहीत होतं?"

तो नळाकडेच बघत राहिला. "बघायला गेलो तेव्हाच सांगितलं तिने. बाकीचे भाताची शेती बघायला मागे गेले होते. चहा देता देता म्हणाली, मला दम लागतो, डॉक्टरांनी मूल नको म्हटलंय. नाही म्हणा, मला राग येणार नाही."

"मग?"

"मग काय. चहा चांगला झाला होता."

बादली भरली. त्याने नळ बंद केला नाही.

"आणि आईला?"

"ती सांगणार होती. मीच म्हटलं, तू बोलू नकोस, आई नाही म्हणेल. पुढे बघू. पुढे बघितलंच नाही." मग म्हणाला, "तुला कधी कळलं?" मी डॉक्टरांचं आणि रिक्षातलं सांगितलं. म्हणालो, तुला कळू द्यायचं नाही म्हणाल्या होत्या. दादा म्हणाला, "मला म्हणायची, भाऊजींच्या समोर काही बोलू नका, त्यांना उगीच काळजी."

वहिनी, याबद्दल मला तुमच्याशी भांडायचं होतं. एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, आम्ही दोघे भाऊ तुमचा श्वास ऐकत जागे राहत होतो आणि तुम्ही आम्हाला एकमेकांची सोबतही होऊ दिली नाहीत. तुम्ही सगळ्यांना काळजीतून वाचवलंत असं तुम्हाला वाटलं असेल. काळजी होतीच. फक्त प्रत्येकाची वेगळी होती. आणि तरीही, त्या दिवशी दादाशेजारी गॅलरीत उभा असताना मला जे वाटलं त्याला हलकं वाटणं याशिवाय दुसरा शब्द नाही. तुम्ही फसवलं नव्हतं. चहाचा कप हातात असतानाच, हो म्हणण्याआधी, सगळं सांगून टाकलं होतं. मी माझ्या कामात इतकी सरळ माणसं फार पाहिली नाहीत.

तेराव्यानंतर दादाने आईला सांगितलं. मावशी तिथेच होती. तो आईसमोर जमिनीवर बसला आणि क्रमाने सगळं सांगत गेला: ताप, झडप, मूल का नाही, कुणी कुणाला गप्प बसवलं.

मावशी म्हणाली, "म्हणजे फसवणूकच की ही!"

"मी केली," दादा म्हणाला. "तिने नाही."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "सोळा सोमवार करवले मी तिच्याकडून. मूल व्हावं म्हणून. शिवमंदिरापर्यंत चालत जायची, उपाशी. एकदाही म्हणाली नाही, मला होत नाही म्हणून."

"पण नाचायला बरं होत होतं," मावशी म्हणाली.

मी म्हणालो, मावशी, वहिनी नाचत नव्हत्या. कित्येक वर्षं बसून शिकवत होत्या.

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. आम्ही तिघेही तिच्याकडे बघू लागलो. "मी बघायची खिडकीतून. देवळातून येताना. भजन शेवटीच असायचं, ते काय मला कळत नव्हतं? चांगला असायचा तो नाच. मला वाटायचं हिचे गुडघे दुखतात. घरी आली की तेल लावून द्यायची मी." तेल लावायची हे मी पाहिलं होतं. तुम्ही पाय पुढे करून बसायचात.

मावशी दुसऱ्या दिवशी परत गेली.

सोमवारी आई चेअरमनांकडे जायला निघाली. तिला जिने चढवत नाहीत म्हणून मी बरोबर गेलो. चेअरमनांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले. आईने हॉलची किल्ली मागितली.

"वहिनी गेल्या, आता भजन कोण घेणार?" चेअरमन म्हणाले.

"मंदा. आणि भजन नसतं ते. नाच असतो. एका जपानी मुलीच्या गाण्यांवर. भजन मागाहून."

चेअरमनांनी माझ्याकडे पाहिलं.

"आई, रागावू नका," ते म्हणाले, "पण लोक म्हणतात त्या नाचामुळेच—"

"लोकांना माहीत नाही. तिची झडप लहानपणापासून खराब होती. लग्नाआधीच सांगितलं होतं तिने. आम्हाला सगळ्यांना तेव्हापासून ठाऊक होतं."

यातलं शेवटचं वाक्य, आईपुरतं आणि माझ्यापुरतं, खरं नव्हतं. मी ते दुरुस्त केलं नाही.

चेअरमनांनी किल्ली दिली. मंगळवारी वर्ग भरला. मंदा आली होती. या वेळी पहिल्या गाण्यापासूनच तिच्या सासूबाई तिच्याबरोबर होत्या.